सेटलमेंटची गयाबाई

गयाबाई गायकवाड लेकाकडं कायमची राहायला इंग्लंडात आली, तेव्हा तिच्या पासपोर्टात व्हिसा होता 'सेटलमेंट'चा. हीथ्रो विमानतळाच्या गर्दीतच विलासनं, म्हणजे तिच्या एकुलत्या एका लेकानं, ते पान उघडून तिला दाखवलं. "आई, हे बघ. सेटलमेंट! आता तुला इथून कुणी हलवू शकत नाही."

गयाबाईला इंग्रजी येत नव्हतं, पण हा एक शब्द ती जन्मल्यापासून ओळखत होती. "ह्यात नवीन काय?" ती म्हणाली. "मी सेटलमेंटमधनंच आलीय की."

विलासनं पटकन आजूबाजूला पाहिलं. मराठी कळणारं तिथं कुणी नव्हतं. तरी त्यानं पासपोर्ट मिटला आणि ट्रॉली जोरात पुढं ढकलली.

सोलापूरकराला सेटलमेंट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांना सांगायला हवं. इंग्रज सरकारनं आपल्याकडच्या काही जमाती अख्ख्याच्या अख्ख्या गुन्हेगार ठरवल्या. पोर पाळण्यात असतानाच त्याच्या नावावर चोरी जमा. ही फिरस्ती माणसं. त्यांना एका जागी बसवायचं, वळण लावायचं, असं म्हणत सरकारनं त्यांना तारेच्या कुंपणाआड नेऊन घातलं आणि त्या कोंडवाड्याला सेटलमेंट असं गोंडस नाव दिलं. पुढं देश स्वतंत्र झाला, कायदा गेला, तार निघाली. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. गावात कुठं घर फुटलं की पोलिसांची गाडी पहिल्यांदा तिकडंच वळायची.

आता या भाषेची गंमत बघा. इंग्रज दुसऱ्याच्या देशात जाऊन जमीन बळकावून बसला तर तो सेटलर, मोठा धाडसी माणूस. त्यानं दुसऱ्याला त्याच्याच मातीत तारेआड बसवलं तर तीही सेटलमेंट. आणि आपल्या मराठी घरांत पोरगा नोकरीला लागला, फ्लॅट घेतला, सून आणली, की आपण कौतुकानं म्हणतो, सेटल झाला हो! कोण कुणाला बसवतंय, हे तेवढं कुणी विचारायचं नाही.

विलास या शेवटच्या अर्थानं पुरेपूर सेटल झाला होता. तार निघाल्यानंतर जन्मलेला, शिष्यवृत्तीवर इंजिनिअर झालेला, ब्रिस्टलच्या विमान कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर. बायको सुमेधा नागपूरची, इस्पितळाच्या लॅबमध्ये कामाला. दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो. चौदा एप्रिलला विलास लंडनला जाऊन स्वाभिमानावर असं भाषण करायचा की लोक उठून टाळ्या वाजवायचे. पण ब्रिस्टलला परत आला की आवाज खाली. कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, माणूस दारात आला तरी हा आधी 'सॉरी' म्हणून मोकळा.

पहिल्याच हिवाळ्यात डॉक्टर श्रीकांत यांच्या घरी मराठी मंडळींचं जेवण होतं. डॉक्टरांची बायको सुप्रभा मनानं वाईट नव्हती, फक्त चौकशीची हौस दांडगी. गयाबाईच्या ताटात मसालेभात वाढता वाढता तिनं विचारलं, "मग काय गयाबाई, सेटल झालात का आमच्या ब्रिस्टलमध्ये? सोलापूरला कुठं राहायचात तुम्ही? माझ्या मावशीचं सासर तिथलंच आहे."

गयाबाईनं तोंड उघडलं, तोवर विलास मध्ये पडला. "सात रस्त्याजवळ," त्यानं शहरातल्या चांगल्या वस्तीचं नाव सांगितलं आणि कोशिंबीर मागून घेतली.

गयाबाईनं पुढचा घास ताटातच ठेवला. गाडीत बसल्याबरोबर तिनं विचारलं, "आपलं घर कवापासनं सात रस्त्याला गेलं रं?"

"आई, तुला कळत नाही. सेटलमेंट म्हटलं की यांच्या डोक्यात एकच येतं. म्हणजे ते..."

"ते काय? बोल की फुडं."

विलासनं गाडी सुरू केली. मागच्या सीटवर बसलेली सुमेधा म्हणाली, "आई, तुम्ही खरं सांगितलं असतंत तर आभाळ कोसळलं नसतं." त्यावर त्यानं रेडिओ लावला.

घरात गयाबाईला करमेना. दोघं कामावर गेली की ती या खिडकीतून त्या खिडकीत जायची. तिची ती तगमग पाहून सुमेधानं कौन्सिलला अर्ज करून अलॉटमेंट मिळवली. अलॉटमेंट म्हणजे भाजीपाला लावायला भाड्यानं मिळणारा जमिनीचा तुकडा. गावाबाहेरच्या उतारावर असे पुष्कळ तुकडे शेजारी शेजारी होते, भोवती कुंपण आणि एक फाटक. ज्यांचे तुकडे त्यांच्यातूनच निवडलेली कमिटी होती आणि कमिटीचे सेक्रेटरी होते मिस्टर हॅन्कॉक. रिटायर झालेला, ताठ कण्याचा, बूट चकाचक ठेवणारा गृहस्थ. त्यांनी फाटकाची किल्ली गयाबाईच्या हातावर ठेवली.

कुंपण आणि त्याची किल्ली आपल्या मुठीत! गयाबाईच्या बापाला हे स्वप्नात दिसलं असतं तर तो दचकून उठला असता. तिनं किल्ली पदराच्या गाठीत बांधली आणि त्या दिवशी घरभर उगाचच मिरवली.

पहिल्या आठवड्यातच तिनं घोळ घातला. जमिनीच्या कडेला लाल दांड्यांची, अळूसारख्या रुंद पानांची झुडपं माजली होती. तिनं दांडा मोडून जिभेला लावला. आंबट ढाण! "असलं इखारी गवत कुनी ठेवलं?" असं म्हणत तिनं कुदळीनं सगळी झुडपं मुळासकट उपटून कुंपणाशी फेकली. ते होतं रूबार्ब. आधी तो तुकडा कसणाऱ्या म्हाताऱ्यानं वर्षानुवर्षं जपलेलं, साऱ्या अलॉटमेंटला ज्याचं कौतुक होतं, असं. इंग्रज माणूस साखर घालून त्याचा गोड पदार्थ करतो आणि वर कस्टर्ड ओततो. शेजारचे लोक त्या ढिगापाशी मयताला आल्यासारखे गोळा झाले. विलासनं घरोघरी सॉरी म्हणत बिस्किटांचे डबे वाटले.

पण रूबार्बच्या जागी जे उगवलं, ते पाहून गयाबाई मटकन खालीच बसली. पानांच्या पाठीवर पांढरी भुकटी, कडा दातेरी, शेंडा कोवळा लुसलुशीत. चाकवत! सात समुद्र ओलांडून आलेल्या बाईच्या पायाशी, कुणी न पेरता, अस्सल चाकवत. "आगं माझे बाय," ती त्याच्याशीच बोलली, "तू हितं कशी?"

त्या संध्याकाळी तिनं ताकातली पातळ भाजी केली, शेंगदाणे घालून, वर लसणाची चरचरीत फोडणी. विलासनं मान वर न करता तीनदा वाढून घेतली. गयाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिनं फोडणीच्या माथी मारलं. आईच्या हातचं जेवताना तो पुन्हा आपला झाला, असं तिला वाटलं आणि फार बरं वाटलं.

मग काय! तिनं वाफे आखले. मेथी, कोथिंबीर, माठ तर लावलाच, पण सगळ्यांत मोठा तुकडा चाकवताला दिला. ती त्याला पाणी घालायची, शेंडे खुडायची, त्याच्या भोवतीचं गवत खुरप्यानं निगुतीनं काढायची. आता इंग्रजांच्या लेखी चाकवत हेच तण. डुकराकोंबड्यांनी खावं असं. त्यामुळं येणारेजाणारे पाहायचे तर साडीवर जाड स्वेटर घातलेली एक बाई उकिडवी बसून तणातलं तण काढतेय! कुणी हसायचं, कुणी मान हलवायचं. एका नातीनं तर आजोबांना तिथंच मोठ्यानं विचारलं की, या बाईंना भाजी कशी असते ते माहीत नाही का?

मिस्टर हॅन्कॉक एकदा स्वतः येऊन सांगून गेले. ते सावकाश, मोठ्या आवाजात बोलले. इंग्रजी न कळणारा माणूस बहिराही असतो, अशी त्यांची समजूत होती. गयाबाईनं ऐकून घेतलं, हसली आणि खुडलेल्या चाकवताची एक जुडी त्यांच्या हातात दिली. आपल्या रानात आलेला माणूस रिकाम्या हातानं जाऊ नये, एवढंच तिला माहीत. हॅन्कॉकनी थँक्यू म्हटलं, पुढच्या वळणावर गेले आणि जुडी कचऱ्याच्या ढिगावर टाकली. गयाबाईनं ते पाहिलं. तिनं जुडी उचलून आणली, झटकली आणि घरी नेऊन तिचीच भाजी केली.

मग कमिटीची नोटीस आली. जमीन पडीक ठेवली आहे, तणाचं बी शेजाऱ्यांच्या तुकड्यांत उडतं आहे, महिनाअखेर सगळं साफ करा, नाहीतर तुकडा दुसऱ्याला दिला जाईल. जमीन हवी असणाऱ्यांची रांग मोठी होती.

विलासनं गवत कापायचं मशीन भाड्यानं आणलं. शनिवारी तो ते घेऊन अलॉटमेंटवर पोचला, तर गयाबाई वाफ्याच्या मधोमध मांडी ठोकून बसलेली.

"आई, ऊठ. तमाशा नको. लोक बघतायत."

"बगू देत. आदी मला काप, मग माझ्या चाकवताला."

"अगं, भाजीच ती! मी तुला लंडनहून, साऊथॉलच्या देशी बाजारातून पोतंभर आणून देतो."

"पोतं कुनी मागितलं तुला? ही माझी जमीन हाय. माझ्या जमिनीत काय पिकवायचं त्ये त्यो बूटवाला सांगनार व्हय?"

मशीन गाडीच्या डिकीत परत गेलं. आता एकच वाट उरली होती. रविवारी कमिटीची मीटिंग होती, तिथं जाऊन बाजू मांडायची.

मीटिंग फाटकाजवळच्या लाकडी शेडमध्ये भरली. टेबलावर चहाची किटली, भिंतीला टांगलेली फावडी. विलास टाय बांधून आला होता. गयाबाई इरकल नेसली होती आणि कपाळ मोकळं ठेवून केस चापून चोपून बसवले होते. मिस्टर हॅन्कॉकनी तक्रारी वाचल्या. आधी रूबार्ब, मग तण. विलासनं उभं राहून इतक्या वेळा माफी मागितली की टेबलापलीकडची एक म्हातारी बाईच अवघडली. तिचं नाव मिसेस विन्टर. ती शाळेतून रिटायर झालेली मास्तरीण होती. ती म्हणाली, "महायुद्धाच्या दिवसांत माझी आई ही पानं उकडून आम्हाला घालायची. अगदीच काही विष नाही ते."

तिथून वारं फिरलं. थोडी कुजबुज झाली, चहा ओतला गेला. इंग्रजांना भांडण मिटवायची रीत चांगली जमते. मिस्टर हॅन्कॉक घसा खाकरून म्हणाले की, कमिटी मन मोठं करायला तयार आहे. मिसेस गायकवाड यांनी तुकडा ठेवावा, ती वनस्पतीही ठेवावी, फक्त बी धरू देऊ नये. एकच अट. दर रविवारी सकाळी त्यांनी शेडमध्ये येऊन सेक्रेटरींना भेटावं, काय काम केलं ते सांगावं. सेक्रेटरी त्यांच्या नावापुढं खूण करतील. हंगामभर एवढं केलं की झालं.

"थँक्यू! व्हेरी काइंड ऑफ यू!" विलासचा चेहरा उजळला. तो आईकडं वळला. "आई, जिंकलीस! जमीन राहिली, चाकवतही राहिला. फक्त दर रविवारी इथं येऊन यांना भेटायचं. हे तुझ्या नावापुढं खूण करतील. बास."

गयाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. "म्हंजी हजेरी," ती म्हणाली.

विलासचं हसू जागच्या जागी थांबलं.

सेटलमेंटमध्ये हजेरी असायची. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मैदानात रांग करून उभं राहायचं, नाव पुकारलं की 'हाजिर' म्हणायचं. गिरणीत पाळी करून आलेला माणूस असो की ओली बाळंतीण. गयाबाई पोर होती तेव्हा तिचा बाप तापानं फणफणला होता, डोळे उघडत नव्हता. तर त्याला बाजेवर घालून चौघांनी मैदानात नेलं. नाव पुकारलं गेलं. बापाच्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून आईनं त्याच्या तोंडावर पाणी मारलं, त्याचा दंड धरून हलवला. शेवटी तो एकदाचा 'हाजिर' म्हणाला. पुढं तार निघाली, हजेरी संपली, तरी म्हातारा मरेपर्यंत सांज झाली की अंगणात येऊन उभा राहायचा. घरच्यांनी हात धरून आत आणलं तरच आत यायचा. विलासनं लहानपणी स्वतः आजोबांचा तो हात धरला होता.

"त्येला सांग," गयाबाई म्हणाली, "मी हजेरी देनार न्हाई."

"आई, इट्स ओन्ली अ फॉर्मॅलिटी. दोन मिनिटांचं काम."

"माझ्या बालाबी दोनच मिन्टं लागायची. सांग त्येला."

विलास कमिटीकडं वळला. "आय अ‍ॅम सॉरी," त्यानं सुरुवात केली, "माय मदर वुड प्रिफर..."

"सॉरी कशापायी म्हनलास?" गयाबाईनं टेबलावर हात आपटला, किटलीचं झाकण वाजलं. या देशात आल्यापासून हाच शब्द तिनं लेकाच्या तोंडून सगळ्यांत जास्त ऐकला होता. "लंडनला माइकवर येक बोलतोस आनि हितं येक? मी बोलते तसं सांगायचं. कमी न्हाई, जास्त न्हाई. तुला लाज वाटत आसंल तर बाजूला हो, मी हातवारे करून सांगते!"

विलासनं टाय सैल केला. मग तो इंग्रजीत म्हणाला, "माझी आई सेटलमेंटमध्ये जन्मली."

"किती छान," मिसेस विन्टर आपुलकीनं म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर बहुधा नवी जमीन, लाकडी घरं, काबाडकष्ट करणारी कुटुंबं असं काहीतरी आलं असावं.

"छान नाही," विलास म्हणाला. "तारेचं कुंपण होतं. तुमच्या सरकारनं घातलेलं. तिनं कधीही काही चोरलं नव्हतं, माझ्या आजोबांनीही नाही. तरी त्यांना रोज हजेरी द्यावी लागायची. आजारी असले तरी. मी हे आजवर या गावात कुणालाही सांगितलेलं नाही. आमच्या लोकांनासुद्धा नाही. मी खोटा पत्ता सांगत आलो." त्याचा आवाज चढत गेला. लंडनला टाळ्या घेणारा तो आवाज नव्हता. हा मध्येच फाटत होता. "आणि आत्ता तुमची अट मी आनंदानं कबूल केली. ती कबुली मी मागं घेतोय. माझी आई येणार नाही."

मिस्टर हॅन्कॉक लालबुंद झाले. जुन्या काळात कुठं काय झालं त्याच्याशी या कमिटीचा संबंध नाही, ते म्हणाले. त्यांचा हेतू चांगला होता, आणि खरंच होता. जमिनीवर कुणीतरी नजर ठेवायलाच हवी, नाहीतर नियम कशाला?

विलासनं आईला ते सांगितलं. गयाबाई उठली, पदर खोचला. "नजर ठेवायची तर ठेव की बाबा, मी कुटं न्हाई म्हनते? माझं रान झाकून ठेवलंय व्हय मी? ज्येला बगायचंय त्यानं माझ्या बांधावर यावं, मला इचारावं आनि बगून जावं. मी त्येच्या दारात जाऊन उभी ऱ्हानार न्हाई. आनि किल्लीबी देनार न्हाई. घ्यायची आसंल तर घेऊन दाव म्हनावं."

विलासनं शब्दन् शब्द सांगितला. शेवटचा तर जरा जोरातच सांगितला. गयाबाई तोवर दारातून बाहेर पडली होती आणि आत कमिटीत वाद पेटला होता. मिसेस विन्टरचा आवाज सगळ्यांत वर होता.

आठवडाभर काही कळलं नाही. विलास दोनदा फोनपाशी गेला आणि दोन्ही वेळा फोन न करता परत आला. मधल्या दिवसांत सुप्रभाचा फोन आला, तेव्हा त्यानं तिला आपणहून सांगितलं की आमचं घर सात रस्त्याला नव्हे, सेटलमेंटमध्ये होतं. मग सुप्रभानं चाकवताची ताकातली भाजी कशी करतात ते विचारलं. गयाबाईला मात्र शांत झोप लागत होती. जमीन गेली असती तर तिला दुःख झालं असतं, मोठं दुःख. पण हजेरी देऊन राखलेली जमीन तिला नको होती.

रविवारी सकाळी ती वाफ्यात बसली होती. विलासही आला होता. चाकवत ठेवून बाकीचं काढायचं, एवढं साधं काम, पण इंजिनिअरसाहेब चाकवतच उपटत होते आणि आईच्या शिव्या खात होते. तेवढ्यात उताराच्या वाटेनं मिस्टर हॅन्कॉक येताना दिसले. काखेत रजिस्टर, पायांत ते चकाचक बूट. गयाबाईच्या तुकड्यापाशी येऊन ते थांबले. बांधावर पाऊल टाकायला त्यांनी पाय उचलला आणि तसाच मागं घेतला. विलासकडं पाहिलं. विलासनं हातानं आईकडं दाखवलं.

मिस्टर हॅन्कॉकनी डोक्यावरची टोपी काढली. "मिसेस गायकवाड," ते म्हणाले, "मे आय?"

गयाबाईला कळलं. तिनं मान वर न करता मातीनं भरलेला पंजा उंच केला. "वेट," ती म्हणाली, आणि पुन्हा खुरपं चालवू लागली. ओळीचं टोक अजून लांब होतं.

मिस्टर हॅन्कॉक टोपी हातात धरून उभे राहिले. विलास आईजवळ सरकला. "आई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "ते उभे आहेत."

"ऱ्हाऊ दे उभा," गयाबाई म्हणाली. "माझा बा जलमभर उभा ऱ्हायला."